दोन मोटांच्या विहिरीवरचा कौल

मोगलाईतून, म्हणजे निजामाच्या राज्यातून, परत आलेल्या माणसाला पुण्याची मंडळी आधी वाघाबद्दल विचारतात आणि मग दरोडेखोरांबद्दल. मला दोन्ही भेटले नाहीत. मला भेटली एक गोगलगाय. तिच्या पाठीवर जे महाभाग बिऱ्हाड करून होते, त्यांच्यापायी बीडकडच्या एका भल्या घरात माझं जेवण तुटता तुटता राहिलं. तुमच्यापैकी फार जण त्या मुलखात गेले नसतील, म्हणून सगळं सांगतो.

मी मूळचा मालवणाकडचा. मराठी चौथीनंतर शाळा आणि मी वेगळे झालो, ते दोघांच्याही खुशीने. पुण्यात गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे लिहीत होतो, म्हणजे कुंचल्याने रेखत होतो. एकदा चतुर्थीच्या आधी कॉलेजातले प्राणिशास्त्राचे प्रोफेसरसाहेब मूर्ती ठरवायला आले आणि मूर्ती सोडून माझ्या हाताकडेच बघत बसले. "एवढी बारीक रेघ, आणि हात हलत नाही?" असं म्हणून ते मला घेऊन गेले. तेव्हापासून मी त्यांची चित्रं काढतो आणि पेटी उचलतो. आईला कार्ड टाकलं की मी कॉलेजात आहे. तिने वाडीभर गूळखोबरं वाटलं. कॉलेजात काय म्हणून आहे, ते लिहायला कार्डावर जागा उरली नव्हती.

आता ते महाभाग. पाण्यात बुडालेल्या काडीवर, शेवाळावर, शंखाच्या पाठीवर पांढुरकी बुरशी धरल्यासारखी दिसते. साहेबांच्या बारीक बघायच्या दुर्बिणीखाली धरली तर ती बुरशी नसते. देठावर उलटी घंटा असते, घंटेच्या तोंडाला बारीक केसांची झालर. ते केस गरगर फिरतात, पाण्याला भोवरा पडतो आणि भोवऱ्यातून खाणं थेट तोंडात येतं. गडी जन्मभर जागचा हलत नाही. खाणं आपल्या पायांनी चालत येतं. मोगलाईत शिरल्यावर मला कळलं की अशा माणसांना तिकडे जहागीरदार म्हणतात.

या जातीत घराणी पुष्कळ, पण मला साहेबांनी चारच शिकवली होती, आणि नावं मी माझ्या सोयीची ठेवली होती. एका देठावर एकच घंटा, धक्का लागला की देठ स्प्रिंगसारखा गुंडाळतो, ती एकांडी. बाकी तिघांचं झाड असतं, फांदीफांदीला घंटा. धक्का लागला की अख्खं झाड एकदम खाली बसतं, ती एकजूट. ज्या फांदीला लागलं तेवढीच आखडते आणि शेजारीण मजेत खात राहते, ती सुटी. देठ मुळी आखडतच नाही, ती ताठ. साहेब म्हणत, "सगळं त्या देठातल्या दोरीवर आहे. एकजुटीत दोरी सलग असते, सुटीत फांदीगणिक तुटलेली, ताठमध्ये दोरीच नाही." एवढंच. पण हे मेलेल्यात दिसत नाही, जिवंतपणीच बघावं लागतं. म्हणून तर हा प्रवास.

करोडगिरीचा नाका

नगरला रेल्वे सोडली, उस्मानभाईंची बैलगाडी केली आणि हद्दीवर आलो. निजामसरकारच्या जकातीला करोडगिरी म्हणतात. तिथल्या मुन्शींनी आमचं सामान उघडलं. काचा, बाटल्या, चिमटे, आणि स्पिरिटचा बुधला. त्यांनी बूच काढून वास घेतला.

"प्रोफेसरसाब, यह तो शराब है."

"प्यायची नाही हो. जनावरं बुडवायची आहेत."

मुन्शी विचारात पडले. "शराबमधी आदमी डुबलेला मी रोज बघतो," ते म्हणाले, "जनावर पहिल्यांदाच ऐकतो." मग अगदी अदबीने त्यांनी बुधल्याला लाखेची मोहर लावली, परत जाताना घेऊन जा म्हणाले, आणि आम्हाला विडे दिले.

माझं धाबं दणाणलं. साहेब मात्र विडा चघळत म्हणाले, "बरं झालं. स्पिरिटमध्ये सगळे गोळे होऊन एकसारखे दिसतात. आता जिवंत बघितल्याशिवाय सुटका नाही. तुझी सुद्धा."

त्या "तुझी सुद्धा"चा अर्थ मला पुढच्या मुक्कामी कळला.

चकलांबा

कोकणातल्या माणसाला या मुलखाची पहिली भीती वाटते ती मोकळेपणाची. ना माड, ना डोंगराचा आडोसा. काळी जमीन आभाळापर्यंत गेलेली आणि तीवर ज्वारी उभी. भात मिळाला तो फक्त आजाऱ्याला देतात तसा, चमचाभर. बाकी भाकरी. पहिली भाकरी मी दोन हातांनी मोडायला गेलो तेव्हा वाढणाऱ्या बाई म्हणाल्या, "पाव्हणं, ती भाकर हाय, नारळ न्हाई." पण त्यावर लोणी आणि मिरचीचा ठेचा आला, आणि बांगड्यावाचून माणूस जगू शकतो अशी माझी खात्री होत गेली.

सकाळी चावडीत दुर्बीण मांडली. ओढ्यातली काडी काचेखाली घातली आणि बघतो तर सगळे गोळे. हललं तर नाव नको. मी आत्मविश्वासाने सांगितलं, "साहेब, हे मेलेत."

साहेबांनी कानाकडे बोट नेलं. भिंतीपलीकडे कुणी बाई जात्यावर दळत होत्या. घरघर भिंतीतून टेबलात, टेबलातून काचेत, आणि काचेतून त्या बिचाऱ्यांच्या देठात जात होती. दळण संपेपर्यंत आम्ही मुकाट बसलो. जातं थांबलं, आणि एकेक घंटा हळूच उघडायला लागली. जणू पाहुणे गेल्यावर घरातली मंडळी बाहेर येत होती.

"गोपाळ," साहेब म्हणाले, "नुसती चित्रं काढणारे मला पुष्कळ मिळतील. आपण काय काढतोय हे कळणारा पाहिजे. नगरला परत पोचायच्या आत एक तरी घराणं तुझं तू ओळख. मी बघणार नाही, सुचवणार नाही. जमलं तर कॉलेजात कायम. नाही जमलं तर कारखाना आहेच तुझा."

कारखाना होता, पण गणपतीचे डोळे वर्षातून तीन-चार महिने लिहायचे असतात. उरलेल्या वर्षात आपले डोळे पांढरे होतात. शिवाय आईने वाटलेलं गूळखोबरं परत कसं गोळा करणार? त्या रात्री पोटात ठेच्यापेक्षा हीच आग जास्त होती.

तेलगावच्या अलीकडे

या गावाचं नाव सांगत नाही. माणसं चांगली आहेत, आणि त्यांची मुलं वाचायला शिकली आहेत.

तिथे आबा आणि तात्या असे दोन सख्खे भाऊ. आबा थोरले. त्यांची वाटणी होत आली होती. जमीन, बैल, भांडी, अगदी खाटासुद्धा वाटल्या होत्या. राहिली होती फक्त विहीर. चांगली पायऱ्यांची विहीर, तिच्यावर समोरासमोर दोन मोटा. एक आबांची, एक तात्यांची. आबांचं म्हणणं, विहीर एकत्र ठेवू आणि पाळीने पाणी घेऊ. तात्यांचं म्हणणं, मधे भिंत घालू. पाण्यात भिंत कशी घालतात हे मी विचारलं, तर तात्या म्हणाले, "त्ये गवंडी बगंल."

मोटेवर दोघे स्वतः उभे राहत आणि एकमेकांच्या बैलांवरून भांडत.

"आरं, तुझी मोट माझ्या पाण्यात कावून बुडती?"

"पानी तुमचं कवापासून झालं, दादा? त्याच्यावर काय नाव लिवलंय?"

आम्ही पाहुणे सामाईक. साहेब सोवळ्यातले, स्वतःच्या हाताने पिठलंभात करून खात. त्यामुळे पाहुणचाराची सगळी हौस माझ्यावर भागवली गेली. दुपारी आबांकडे शेंगदाण्याची पोळी, संध्याकाळी तात्यांच्या शेतात हुरडा. ते मला "मास्तर" म्हणत. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला कुणी मास्तर म्हटलं की त्याच्याने गप्प बसवत नाही. खाल्ल्या अन्नाला जागायचं म्हणून आबांच्या पानावर बसून मी एकजुटीचं वर्णन केलं, की अहो, काय त्यांची माया, एकाला लागलं की सगळे वाकतात. हुरडा खाताना तात्यांना सुटीची गोष्ट सांगितली, की ज्याचं त्याने बघावं, शेजाऱ्याला त्रास नाही, कशी मोकळी राहणी. दोघांनीही ऐकून मला आणखी वाढलं.

आबांच्या मंडळी, सोनाबाई, तेवढ्या चुलीमागून म्हणाल्या, "मास्तर, तुमी दोन्हीकडचं चांगलंच जेवताय."

विहिरीत उतरून मी एक गोगलगाय आणली. तिच्या शंखावर पांढरी लव होती. तांब्यात पाणी घालून ती तात्यांच्या ओसरीवर ठेवली, सकाळी उन्हात बघायची म्हणून. या भागात गढूळ पाण्यात निवळीचं बी उगाळतात, म्हणजे गाळ खाली बसतो. पाहुण्यांच्या तांब्यात हिरवट पाणी बघून तात्यांच्या मंडळींना लाज वाटली. त्यांनी रात्रीच पाणी निवळून ठेवलं, तांब्या चिंचेने घासला आणि आतली घाण उकिरड्यावर टाकली. सकाळी त्यांनी मला आरशासारखा तांब्या दिला. आत मी माझा चेहरा बघितला. तो फार वाईट दिसत होता.

आबा कडाडले, "बगा! मुद्दाम टाकली. एकजूट निगाली असती म्हून!"

"आन् सुटी निगाली असती तर?" तात्या ओरडले. "तुमचीच गोगलगाय आसंल, आपसूक चालत गेली आसंल!"

तेव्हा मला उमगलं की काहीतरी भलतंच झालं आहे. गावात देवीच्या मूर्तीला फुलं लावून कौल घेतात. उजवं फूल पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. पण गुरव लेकीच्या गावाला गेला होता, आणि वाटणीचा कौल अडून राहिला होता. माझ्या दोन जेवणांतल्या दोन व्याख्यानांतून दोन्ही घरांनी आपापल्या परीने एकच अर्थ काढला होता. विहिरीतल्याच जिवाला विचारायचं. एकजूट निघाली तर विहीर एक. सुटी निघाली तर भिंत.

"साहेब," मी घाबरून म्हणालो, "हे काही देवाचं काम नाही म्हणून तुम्ही तरी सांगा."

साहेबांनी सुपारी कातरली. "मी का सांगू? तुला परीक्षा द्यायचीच होती. आता परीक्षकही भरपूर आहेत."

कौल

दुसरी गोगलगाय पंचांदेखत काढायची ठरली, आणि तीही मधोमध. विहिरीच्या तोंडावर आडवा दोर बांधला, मधे गाठ मारली, गाठीखालच्या पायरीवर मी गळ्यापर्यंत पाण्यात. थंडीचे दिवस. मी समुद्राकाठचा म्हणून सगळ्यांना वाटत होतं की मला मजा येत असेल. एक शंख हाताला लागला.

"कुणाच्या अंगाला तोंड हाय तिचं?" वरून आबांनी विचारलं.

"तिने तोंड आत घेतलंय," मी म्हणालो.

"शानी हाय," उस्मानभाई म्हणाले.

मोटेच्या धावेवर, म्हणजे बैलांच्या उतारवाटेवर, कडुनिंबाखाली, पालथं घंगाळ डुगडुगेल म्हणून सपाट दगडावर दुर्बीण मांडली. घरोघरची दळणाची जाती बंद ठेवायचा हुकूम निघाला. बैल लांब नेले. अर्धं गाव जमलं. साहेब पाठ करून बसले आणि सुपारीचा आवाजसुद्धा बंद केला. शंखावरची लव मी चिमट्याने अलगद खरवडली, काचेवर पाण्याच्या थेंबात घेतली, आरसा उन्हाकडे केला आणि डोळा लावला.

झाड होतं. देखणं झाड, दोन दोन फांद्या फुटत गेलेल्या, आणि टोकाटोकाला घंटा. म्हणजे एकांडी नव्हे. सगळ्यांची तोंडं उघडी आणि झालरी फिरताहेत. मला एकदम चतुर्थीचा मांडव आठवला.

"दिसलं का?" आबा.

"दिसलं."

"मग हाना की टिचकी!" तात्या.

मी काचेच्या कडेला नखाने टिचकी मारली. घंटा चटकन मिटल्या, माना किंचित लवल्या. मी खोडाकडे बघत होतो. ते हललं नाही. फांद्या हलल्या नाहीत. मी वाट बघितली, पुन्हा उघडल्यावर पुन्हा मारली, जरा जोरात. तेच. तोंडं मिटली, देठ जिथल्या तिथे.

इथे मी दुर्बिणीवरून डोळा काढला. उजवीकडे आबा, ज्यांच्या घरची पोळी अजून पोटात होती. डावीकडे तात्या, ज्यांचा हुरडा तिच्या शेजारीच होता. समोर साहेबांची पाठ. खोड जरासं वाकलं असं म्हटलं असतं तर एक घर खूश. फांदी आखडली म्हटलं असतं तर दुसरं. कुणाला काय दिसणार होतं? पण गणपतीचा डोळा लिहिताना एक गोष्ट हाताला लागते. बुबुळ जिथे आहे तिथेच येतं. भक्ताला आवडेल तिथे सरकवलं की देव चकणा होतो.

मी दुर्बिणीची नळी आणखी खाली घेतली आणि देठाच्या आत बघितलं. दोरी असली तर तिथे एक गडद रेघ दिसते. इथे देठ काचेच्या नळीसारखा स्वच्छ होता.

"एकजूट का?" आबांनी विचारलं.

"नाही."

तात्यांनी फेटा उडवला. "सुटी! म्या म्हनलं न्हवतं?"

"सुटी पण नाही."

तात्यांनी उडवलेला फेटा झेलला. मग तात्या म्हणाले, "दोनी न्हाई म्हंजे काय बे? खाताना तर दोघांस्नी मिळून दोनच सांगितली व्हती!"

"चार आहेत. ही ताठ."

"आयला, मंग पैलेच का न्हाई सांगितलं?"

"विषय निघाला नव्हता," मी म्हणालो, आणि गर्दी एक पाऊल पुढे आली. मागून उस्मानभाईंचा हलका आवाज आला, "मास्तर, गाडी जोडू क्या?"

तेवढ्यात सोनाबाई बायकांच्या घोळक्यातून पुढे आल्या. "थांबा रे. मास्तर, ताठ म्हंजे करतंय काय त्ये?"

"धक्का दिला तरी खोड हलत नाही, वहिनी. फक्त तोंडं मिटतात."

"बगू." त्यांनी पदर सावरला, डोळा लावला, आणि मी टिचकी मारली. त्या खुदकन हसल्या. पुन्हा मारायला लावली, पुन्हा हसल्या. मग सरळ उभ्या राहून दोन्ही भावांकडे बघत म्हणाल्या, "देव लई शाना हाय. खोड हाय तितंच ऱ्हाऊ द्या म्हनतोय, आन् तोंडं तेवडी मिटा. आता कळंना त्याला काय करावं?"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. आबांनी डोळा लावून बघितलं. तात्यांनी बघितलं. दोघांच्याही वेळी झाड जागचं हललं नाही. खोटं दिसलं असं म्हणायची सोय नव्हती, आणि कौल तो कौल. पंचांनी निवाडा दिला: भिंत नाही, पाळीने पाणी, आणि विहिरीवर दोघा भावांनी तोंड उघडायचं नाही.

तात्यांना एकच अडचण दिसली. "बैलं गान्याबिगर चालत न्हाईत. मोटंवर गानं चालंल का?"

पंचांनी डोकं खाजवलं. "गानं चालंल. बोलनं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघायची तयारी करत होतो तेव्हा पाळी तात्यांची होती, पण आबा बैल घेऊन आले होतेच, नुसतं बघायला. तात्या बैलांना हाकत चांगल्या खणखणीत चालीत गायला लागले:

"थोरल्या दादाला सांगा हो कुनी, ढवळ्या लंगडतो त्याचा..."

आबांनी क्षणभर दात ओठ खाल्ले. मग समोरून बेसूर आवाज आला:

"धाकल्याला माज्या सांगा हो कुनी, आपल्या नाकाचं बग..."

सोनाबाई हंडा भरून घेऊन जाताना थांबल्या आणि मला म्हणाल्या, "ह्याला बी एक दुर्बीण आना पुढच्या बारीला."

पण मला ऐकायचं होतं ते दुसरंच. आदल्या दिवशी गर्दी पांगल्यावर साहेब दुर्बिणीपाशी बसले होते. "पुरावा?" एवढंच विचारलं. मी सांगितलं, देठ आखडत नाही आणि देठात दोरी नाही. त्यांनी बराच वेळ बघितलं, "हं" केलं आणि उठले. त्या "हं"चा विचार करत माझी रात्र गेली होती.

गाडी जुंपली. धारूरच्या किल्ल्यात पाण्याची जुनी टाकी आहेत, तिकडे जायचं होतं. मी पेटी उचलून ठेवणार, इतक्यात साहेबांनी सदऱ्याच्या आत हात घालून जानव्याला मारलेली एक गाठ सोडली. दुर्बिणीच्या पेटीची किल्ली ते तिथे बांधून ठेवत. आंघोळीला, जेवायला, झोपायला ती त्यांच्या अंगावरच. त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली.

"धारूरला पेटी तू उघड. आधी तू बघायचं, काय आहे ते मला सांगायचं, मग मी बघेन."

माझ्या तोंडातून नको तेच निघालं. "साहेब, मला जानवं नाही."

"करदोटा आहे ना?"

करदोटा होता. मी गाडीच्या आडोशाला जाऊन किल्ली त्याला बांधली. एक गाठ मारली, भरवसा वाटेना म्हणून दुसरी मारली, मग तिसरी. ती थंडगार होती आणि गाडीच्या प्रत्येक हिसक्याला पोटाला टोचत होती. दर थोड्या वेळाने मी कमरेला हात लावून बघत होतो की आहे ना. साहेब ज्वारीकडे बघत होते. उस्मानभाईंनी मात्र मागे वळून विचारलं, "क्या मास्तर, पेट दुखता क्या?"

"दुखत नाही," मी म्हणालो. "टोचतंय. टोचू द्या."